तुटलेली धमनी, तुंबलेली धमनी : चंद्रपूर–गडचिरोलीच्या संदर्भात

धमनीची भिंत तीन थरांची असते. आतला थर पेशींच्या एकाच पदराचा आणि गुळगुळीत असतो. रक्त गोठू न देता वाहते ठेवणे हे त्याचे काम. मधल्या थरात स्नायू आणि लवचिक तंतू असतात, म्हणून हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमनी ताणली जाते आणि लगेच मूळ आकारात येते. बाहेरचा थर चिवट असतो. शल्यचिकित्सकाचा टाका टिकतो तो मुख्यतः त्याच्या जोरावर. शिरेची भिंत पातळ, तिच्यातला दाब कमी, आणि हातापायांच्या शिरांत रक्त मागे फिरू नये म्हणून झडपा असतात.

एखादी धमनी बाहेरून अखंड दिसते, पण ताण बसून तिचे आतले अस्तर चिरलेले असते. त्या चिरेवर काही तासांत गुठळी धरते आणि पाय थंड पडतो. पूर्ण तुटलेल्या धमनीची टोके आखडून मांसात मागे सरकतात आणि रक्त कधी कधी आपोआप थांबते. अर्धवट तुटलेली धमनी मात्र आखडू शकत नाही. ती वाहतच राहते. त्यामुळे ‘रक्त थांबले, आता काळजी नाही’ हे वाक्य अनेकदा फसवे ठरते. रक्त थांबल्यावरही पावलापर्यंत ते पोहोचते आहे का, हे वेगळे पाहावे लागते.

रक्त थांबवण्याची विद्या जुनी आहे. सुश्रुतसंहितेत त्याचे चार उपाय दिलेले आहेत : तुरट द्रव्यांनी जखम सांधणे, थंडाव्याने रक्त गोठवणे, भस्म लावणे आणि शेवटी डागणे. सोळाव्या शतकात फ्रान्समधील आंब्रुआज पारे याने अवयव तोडताना धमन्या दोऱ्याने बांधण्याची पद्धत रूढ केली. या सर्व उपायांचा परिणाम एकच, वाहिनी कायमची बंद होते. भोक बुजवायचे आणि मार्ग मात्र मोकळा ठेवायचा, ही गोष्ट निराळी. इंग्लंडमध्ये १७५९ साली हॅलोवेल या शल्यचिकित्सकाने दंडाच्या धमनीचे छिद्र टाचणी आणि दोऱ्याच्या साहाय्याने बंद केले आणि धमनी शाबूत राहिली. पण पुढची जवळजवळ दीडशे वर्षे तो अपवादच राहिला. धमनीची दोन तुटकी टोके माणसात यशस्वीपणे जोडली गेली ती शिकागोत, जॉन मर्फी यांच्या हातून, १८९६ साली.

खरी पद्धत बसवली ती अलेक्सिस कारेल यांनी. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियाँ शहरात सुरा चालला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती आणि ती शिवण्याची रीत कोणालाच ठाऊक नव्हती, राष्ट्राध्यक्ष गेले. कारेल तेव्हा त्याच शहरात वैद्यकीय शिक्षण घेत होते. त्यांनी भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडून बारीक सुई आणि रेशमी दोरा हाताळण्याचे धडे घेतले आणि १९०२ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. वाहिनीच्या दोन्ही टोकांना समान अंतरावर तीन टाके घालायचे आणि ते ताणून धरायचे. गोल तोंडाचा त्रिकोण होतो, तीन सरळ कडा मिळतात, आणि प्रत्येक कड धावदोऱ्याने शिवता येते. समोरची भिंत चुकून टाक्यात सापडत नाही, तोंड अरुंद होत नाही, अस्तराला अस्तर भिडते. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. आज रेशमाच्या जागी पॉलिप्रॉपिलिनचा केसासारखा बारीक दोरा आला आहे, भिंगाचा चष्मा आला आहे. शिवणीचे तत्त्व बदललेले नाही.

तरीही शिवलेली धमनी पुष्कळदा गुठळीने भरून जाई. त्यावर इलाज हेपारिनचा. हा पदार्थ १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून पुढे आला आणि १९३० नंतरच्या दशकात माणसाला देण्याइतका शुद्ध झाला.

एवढे सगळे हाताशी असूनही दुसऱ्या महायुद्धात धमन्या बहुतांशी बांधल्याच गेल्या. मायकेल डीबेकी आणि सिमियन यांनी १९४६ साली अमेरिकन सैन्यातील २,४७१ धमनी-जखमांचा हिशेब मांडला. जिथे धमनी बांधली गेली तिथे जवळपास निम्म्या सैनिकांचे हातपाय कापावे लागले होते. गुडघ्यामागची धमनी बांधलेल्यांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक होते. कोरियाच्या युद्धात धमन्या शिवण्याची पद्धत पडली आणि हेच प्रमाण सुमारे तेरा टक्क्यांवर आले. हे श्रेय सहसा सुईदोऱ्याला दिले जाते. पण कोरियात आणखी एक बदल झाला होता : जखमी सैनिक हेलिकॉप्टरने काही तासांत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचू लागला होता. महायुद्धातल्या डॉक्टरांना शिवता येत नव्हते असे नाही. शिवण्याजोगा पाय त्यांच्यापर्यंत वेळेत येत नव्हता.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत या शस्त्रक्रियेचा विचार करायचा तर तो इथून सुरू करावा लागतो. रक्तपुरवठा तुटल्यावर कातडी बराच वेळ तग धरते. मज्जातंतू आणि स्नायू धरत नाहीत. मिलर आणि वेल्च यांच्या १९४९ च्या प्रयोगांत, सहा तासांच्या आत रक्त पुन्हा सुरू केले तर दहापैकी नऊ अवयव वाचले, बारा ते अठरा तासांनी निम्मे आणि चोवीस तासांनंतर पाचातला एक. सहा तास ही काही भिंत नव्हे. आडवाटेच्या बारीक धमन्या चांगल्या असतील तर मुदत वाढते, आणि हाड-मांस चिरडलेले असेल तर घटते. पण अंदाज बांधायला हा आकडा उपयोगी आहे. भामरागडजवळच्या हेमलकशाहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे, गडचिरोली शहरातून पावणेदोनशेच्या जवळ, चंद्रपुरातून दीडशे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. सिरोंच्याचा रुग्ण नागपूरकडे न वळता प्राणहिता-गोदावरी ओलांडून तेलंगणात जातो, आणि ते शहाणपणाचेच आहे. शिवाय गाव ते रस्ता हे अंतर कोणत्याच नकाशात मोजलेले नसते. चकमकीत जखमी झालेल्या जवानाला हेलिकॉप्टर मिळते. मोहफूल वेचायला गेलेल्या बाईला खाट मिळते, मग ट्रॅक्टर, मग १०८ ची गाडी.

जखमांचे प्रकारही या मुलखाचे म्हणून वेगळे आहेत. मोहाचा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्याचा; पहाटे माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात. अस्वल चेहऱ्यावर आणि डोक्यावर झडप घालते. अशी जखम दिसायला अत्यंत भयानक असते, पण रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने उदार असते, कारण चेहऱ्याला दोन्ही बाजूंनी इतक्या धमन्या येऊन मिळतात की फाटलेल्या सरळ बांधून टाकल्या तरी कातडी जगते. भामरागड तालुक्यातील लोक बिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात १९७३ नंतरच्या अगदी तुटपुंज्या साधनांच्या वर्षांतही अस्वलाने फाडलेले चेहरे शिवले गेले; त्यामागे डॉक्टरांची जिद्द होती, आणि चेहऱ्याच्या या रक्तपुरवठ्याची साथही. वाघाचे तसे नसते. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात वाघाचा हल्ला बहुधा मानेवर होतो, आणि मेंदूकडे जाणारी धमनी फुटलेला माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही. कुऱ्हाडीचा निसटता घाव नडगीवर किंवा पावलावर बसतो. तिथे तीन धमन्यांपैकी एक तुटली तरी उरलेल्या दोन पाऊल जगवतात. मनगटाच्या दोन धमन्यांचेही तसेच. म्हणजे प्रत्येक तुटलेली धमनी जोडलीच पाहिजे असे नाही. दंडातली, मांडीतली आणि गुडघ्यामागची मात्र जोडावीच लागते.

गुडघ्यामागची धमनी वर आणि खाली पक्की बांधलेली असते. मोटारसायकलच्या अपघातात गुडघा निखळला की ती मधल्या मध्ये ताणली जाते आणि अस्तर चिरते. बाहेर रक्ताचा थेंब नसतो. गुडघा पुष्कळदा आपोआप जागेवर बसलेला असतो, क्ष-किरण चित्र निर्दोष येते, रुग्ण घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी काळे पाऊल घेऊन परततो. अस्वलाच्या जखमेची बातमी होते, हिची होत नाही; पण पाय गमावण्याचे कारण म्हणून तालुक्याच्या डॉक्टराने अधिक धास्ती बाळगावी ती हिची. दर तासाला पावलावरची नाडी बोटाने चाचपणे, आणि घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या दाबाशी ताडून पाहणे, एवढ्याने ती सापडते. घोट्याचा दाब दंडाच्या नऊ दशांशापेक्षा कमी भरला तर धमनीत काहीतरी बिघडले आहे असे धरायचे. त्यासाठी खिशात मावणारे डॉप्लर यंत्र पुरते.

गावात आणि तालुक्याच्या दवाखान्यात काय करता येते, याचे उत्तर बरेच काही असे आहे. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरणे हा पहिला उपाय आणि बहुतेक वेळा पुरेसाही. आवळपट्टा फक्त दाबाने न थांबणाऱ्या रक्तासाठी; तो बांधल्याची वेळ कपाळावर किंवा कागदावर लिहिलेली हवी. साप चावल्यावर दोरी करकचून बांधण्याची जी रीत आहे तिने विष थांबत नाही, पाय मात्र जातो. जखमेत डोळे मिटून चिमटे लावणे हेही तितकेच घातक. चिमट्याने चिरडलेली टोके पुढे कापून टाकावी लागतात आणि जोडायला धमनी अपुरी पडते.

याहून पुढची पायरी म्हणजे शंट. तुटलेल्या धमनीच्या दोन टोकांत प्लॅस्टिकची नळी सरकवायची, दोन्हीकडे दोऱ्याने बांधायची, आणि रक्त खाली वाहू द्यायचे. खास बनवलेले शंट मिळतात. ते नसतील तर बाळांना दूध पाजण्यासाठी वापरतात ती निर्जंतुक नळीही चालते. हे काम सामान्य शल्यचिकित्सक अर्ध्या तासात करू शकतो. त्यासाठी ‘सहा-शून्य’ क्रमांकाचा केसासारखा दोरा नको, भिंग नको, रक्तवाहिन्यांचा तज्ज्ञ नको. शंट काही तास चालू राहतो, आणि तेवढ्यात रुग्णवाहिका ब्रह्मपुरी ओलांडून नागपूर गाठते. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीला जिल्हा रुग्णालय आहे. सर्व तालुक्यांना रक्तवाहिनी-तज्ज्ञ देणे नजीकच्या काळात होणारे नाही, पण या ठिकाणच्या प्रत्येक सामान्य शल्यचिकित्सकाला शंट आणि फॅसिओटॉमी येणे सहज शक्य आहे. नव्या इमारतींपेक्षा अधिक पाय त्यातून वाचतील.

फॅसिओटॉमी म्हणजे नडगीभोवतीचे ताठ आवरण उभे चिरणे. नडगीचे स्नायू चार बंद कप्प्यांत असतात. तासन्‌तास उपाशी राहिलेल्या स्नायूत रक्त परतले की तो सुजतो. कप्पा ताणला जात नाही, आतला दाब चढतो आणि नुकतेच सुरू झालेले रक्त पुन्हा अडते. दोन लांब चिरा देऊन चारही कप्पे मोकळे करावे लागतात. पाहणाऱ्याला ही शस्त्रक्रिया क्रूर वाटते, आणि नातेवाईक ‘पाय वाचवायला आणला आणि उभा चिरला’ म्हणून हवालदिल होतात. उशिरा आलेल्या रुग्णात ती न करणे हे अधिक क्रूर. त्याच वेळी मेलेल्या स्नायूतून पोटॅशियम आणि रंगद्रव्य रक्तात उतरते. पहिले हृदय थांबवू शकते, दुसरे मूत्रपिंड. म्हणून पाय पूर्ण ताठरलेला आणि बधिर असेल, तर धमनी जोडण्याचा हट्ट सोडून तो कापणे हाच योग्य निर्णय असतो.

मोठ्या केंद्रातील जोडणी नेहमी एकाच क्रमाने चालते. जखमेच्या वर आणि खाली धमनी मोकळी करून नाजूक चिमट्यांनी धरायची. चिरडलेला भाग निरोगी अस्तर दिसेपर्यंत कापायचा. टोकाला फुगा असलेली बारीक नळी आत सरकवून गुठळ्या ओढून काढायच्या. टॉमस फोगार्टी यांनी १९६३ साली पुढे आणलेले हे साधन. हेपारिनच्या द्रावणाने धमनी धुवायची. टोके ओढाताण न होता भिडत असतील तर सरळ शिवायची, नाहीतर मध्ये शिरेचे कलम घालायचे. ही शीर दुसऱ्या पायाची घेतात, कारण जखमी पायाच्या खोल शिरा बिघडलेल्या असतील तर रक्त परत नेण्यासाठी त्याच्या वरच्या शिरेची गरज असते. झडपांमुळे कलम उलटे बसवावे लागते. नखादातांच्या, शेणामातीच्या जखमेत कृत्रिम नळी वापरत नाहीत. तिच्यात जंतू घर करतात आणि आठवड्याने शिवण उसवून रक्त फुटते. शेवटी शिवणीवर जिवंत मांस ओढून घ्यायचे. उघडी राहिलेली शिवण सुकते आणि फाटते.

रोगाने तुंबलेल्या धमनीचा प्रश्न वेगळा. तिथे घड्याळ सावकाश चालते आणि हरण्याची कारणे निराळी असतात. या जिल्ह्यांत पहिले नाव घ्यावे लागते बर्जर रोगाचे. लिओ बर्जर यांनी न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. तंबाखू ओढणारा, बहुधा चाळिशीच्या आतला पुरुष; चालताना तळव्यात पेटके, मग रात्री पाय खाली सोडून बसावे लागेल अशी वेदना, मग बोटाचे टोक काळे. बिडीशी या रोगाचे नाते घट्ट आहे. बिडीचे पान म्हणजे तेंदूपत्ता याच जंगलातून जातो; ग्रामसभांच्या हाती उन्हाळ्यात येणारी मोठी रक्कम त्याची असते. त्यात दोष वेचणाऱ्यांचा नाही, पण ही साखळी नोंदवण्याजोगी आहे. तोंडात ठेवल्या जाणाऱ्या तंबाखूनेही हा रोग चालू राहतो, तेव्हा बिडी सोडून खर्रा धरणाऱ्याची सुटका होत नाही.

बर्जरमध्ये शल्यचिकित्सकाचे हात बांधलेले असतात. बायपास म्हणजे गाळाने भरलेला पाट सोडून तलावाचे पाणी शेजारून नव्या पाटाने शेतापर्यंत नेणे : वर पाणी हवे, पाट धड हवा आणि शेवटी पाणी घेणारे शेत हवे. बर्जर रोगात बंद पडतात त्या पावलातल्या आणि नडगीतल्या शेवटच्या धमन्या. जोडायला खाली काही उरत नाही, आणि ज्या शिरेचे कलम करायचे तीही अनेकदा सुजून बंद झालेली असते. कमरेजवळच्या मज्जागाठी काढून कातडीचा रक्तपुरवठा थोडा वाढवता येतो, पोटातील चरबीचा पडदा पायापर्यंत आणण्याचे प्रयोग झाले आहेत. दोन्हींचा लाभ मर्यादित. तंबाखू पूर्ण सोडणाऱ्यांत पाय कापण्याची वेळ क्वचित येते. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हा तंबाखू आणि दारूविरोधी कार्यक्रम २०१६ पासून चालू आहे. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेवरील व्याख्यानात त्याचा उल्लेख हा विषयांतर नव्हे.

पावलावरची जखम पाहून घाईने धमनीचा रोग ठरवू नये, हेही इथेच सांगायला हवे. वरोऱ्याचे आनंदवन ज्या रोगासाठी उभे राहिले त्या कुष्ठरोगात तळव्याला व्रण होतो तो बधिरतेने. पावलाची नाडी तिथे ठणठणीत लागते. सिकलसेलचा व्रण घोट्याच्या आसपास होतो आणि नाडी असते. हत्तीरोगाच्या सुजेत बिघाड लसिकावाहिन्यांचा असतो. मधुमेहात मात्र बधिरता आणि तुंबलेली धमनी दोन्ही एकत्र येऊ शकतात. मनगटाच्या दोन धमन्यांपैकी कोणती चालते हे मूठ आवळून-उघडून पाहण्याची जी साधी चाचणी सर्वत्र शिकवली जाते, ती एडगर ॲलन यांनी १९२९ साली बर्जरच्या रुग्णांसाठीच सुचवली होती.

चरबी आणि चुना साचून मोठ्या धमन्या बंद होतात तेव्हा पुनर्रचनेला पुरेपूर वाव असतो. लिस्बनमध्ये सिद दुस सांतुस यांनी १९४६ साली धमनी उघडून आतला थर सोलून काढला. पॅरिसमध्ये झाँ क्युनलँ यांनी १९४८ साली मांडीपासून शिरेचा पहिला लांब बायपास केला. १९५२ साली व्हूरहीज यांनी कापडाची नळी महाधमनीच्या जागी बसवल्याचे प्रसिद्ध केले, आणि डीबेकींनी डेक्रॉनचे कापड रूढ केले. गुडघ्याच्या खाली मात्र स्वतःच्या शिरेची बरोबरी कोणत्याच कृत्रिम नळीने आजवर केलेली नाही. डॉटर यांनी १९६४ साली कातडीतून नळी घालून अरुंद धमनी रुंदावली, आणि ब्वेनोस आयरिसमध्ये पारोदी यांनी १९९० साली फुगलेल्या महाधमनीत आतूनच अस्तर बसवले. आज अशा कामांपैकी पुष्कळशी छुरीशिवाय होतात, पण त्यांना लागणारे क्ष-किरण यंत्र आणि साहित्य नागपूरसारख्या शहरातच असते.

महाराष्ट्राची स्वतःची नोंदही या क्षेत्रात आहे. तरुण स्त्रियांत महाधमनी आणि तिच्या फांद्या दाहाने आक्रसतात. एका हाताची नाडी लागत नाही, रक्तदाब चढतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात पी. के. सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांनी अशा १०१ रुग्णांचा अभ्यास १९७३ साली ग्रंथरूपाने मांडला. दाह धगधगत असताना घातलेली शिवण टिकत नाही, तो शमल्यावरच पुनर्रचना करायची, हे तत्त्व या रोगात आजही पाळले जाते. विशीतल्या मुलीचा रक्तदाब दोन्ही हातांवर मोजणे ही त्या रोगाची सर्वांत स्वस्त तपासणी.

पक्षाघाताबद्दल अपेक्षा माफक ठेवावी लागते. ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतील ८६ गावांतले मृत्यू तपासले तेव्हा दर सातांपैकी एक पक्षाघाताने झालेला आढळला. मानेतील धमनी अरुंद झालेल्या निवडक रुग्णांत ती साफ करण्याचा उपयोग होतो. लंडनमध्ये अशी जोडणी १९५४ साली झाली. पण बाकीच्यांत रक्तदाबाची रोजची गोळी जे करते ते छुरी करू शकत नाही.

खर्चाचा अडसर पूर्वीपेक्षा कमी आहे. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात गडचिरोली होता. आता ती महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते. मात्र प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि महिन्याभराने पुन्हा दाखवायला येणे, हा खर्च कुटुंबालाच पेलावा लागतो, आणि पुष्कळ कलमे या शेवटच्या टप्प्यावर दुर्लक्षाने बंद पडतात. बाहेरचे तज्ज्ञ बोलावून घेतलेली शिबिरे नियोजित बायपासला काही अंशी उपयोगी पडतील; अपघाताला नाही, कारण तो शिबिराची तारीख पाहून होत नाही.

रक्तवाहिन्यांची एक जोडणी जिल्ह्यातच नियमित व्हावी अशी आहे. डायलिसिससाठी मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना शिवतात. ब्रेशा, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९६६ साली प्रसिद्ध केली. शीर धमनीच्या दाबाने फुगते, जाड होते आणि सुया सोसू लागते. तयार व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात, म्हणून मूत्रपिंड पूर्ण थांबण्याआधीच ती करून ठेवायची. मानेतल्या नळीवर महिनोन्‌महिने डायलिसिस करण्यापेक्षा ती कितीतरी सुरक्षित, आणि लागते ते फक्त जागेपुरते भूल देण्याचे औषध, भिंग आणि कारेलांचा टाका. त्या हाताचे रक्त काढायचे नाही, त्यावर रक्तदाब मोजायचा नाही, त्यावर डोके ठेवून झोपायचे नाही. रोज सकाळी बोट ठेवून थरथर लागते का ते रुग्णाने स्वतः पाहायचे, आणि ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.